पिल्लू खात नाही

घरात काही बदल झालाय का, कोणी नवीन आलंय, कोणी गेलंय, असं डॉक्टरांनी विचारलं आणि तो चटकन म्हणाला, "नाही." इतक्या चटकन म्हणाला की त्याचं त्यालाच खटकलं. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. आग कशी लागली, गाडी कुठे ठोकली, पाणी घरात कुठून शिरलं, हे लोकांना विचारायचं आणि उत्तराच्या आधीचा श्वास ऐकायचा, हेच त्याचं काम. खरं सांगणारा माणूस थोडा अडखळतो, छताकडे बघतो, आठवायला वेळ घेतो. ज्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असतं, त्याची फाइल तो बाजूला काढून ठेवायचा. डॉक्टर मात्र फायली बाजूला काढणाऱ्यांतल्या वाटल्या नाहीत. तिशीतल्या असतील, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटांवर ओरखड्यांच्या जुन्या पांढुरक्या रेघा. स्टीलच्या टेबलावर बसवलेल्या मांजराच्या पोटावरून दोन्ही हात फिरवत त्यांनी विचारलं की शेवटचं नीट कधी खाल्लं. तीन-चार दिवस झाले असतील, असं त्याने सांगितलं, पण खरं तर तेही त्याला माहीत नव्हतं. मग डॉक्टरांनी मांजराचा कान उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतली कातडी गुलाबी असायला हवी होती. ती पिवळी होती, वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या वर्तमानपत्रासारखी. ओठ वर केला तर हिरड्यासुद्धा तशाच. हे मांजर रोज त्याच्या पायांत होतं. रोज सकाळी बूट घालताना तो त्याला हलकेच बाजूला सारत होता.

मांजराचं नाव पिल्लू. अकरा वर्षांचं, करडं, अंगाने लोडासारखं. बाहेर नाव नोंदवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, नाव काय. पिल्लू, तो म्हणाला. "हो, पण पिल्लाचं नाव काय?" बाई म्हणाल्या, आणि त्याला एवढ्यातही हसू आलं होतं, कारण घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा आणि बायको दर वेळी नव्या उत्साहाने खुलासा करायची की मोठं झाल्यावर ठेवू एखादं भारदस्त नाव, असं ठरलं होतं, पण ते कधी मोठं झालंय असं वाटलंच नाही. खुलासा करायचं काम तिचं. तो बाजूला उभा राहून मान हलवायचा. बाईंना त्याने एवढंच सांगितलं की पिल्लूच लिहा.

डॉक्टरांनी रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि त्याला समोर बसवून समजावलं. कुत्र्याचं वेगळं असतं, त्या म्हणाल्या. कुत्रं काही दिवस उपाशी राहिलं तर खंगतं, पण बहुतेक वेळा निभावून नेतं. मांजराला ते जमत नाही. त्यातून असं जाडजूड असलं तर अंगातली चरबी एकदम यकृताकडे धावते आणि यकृत तिच्यात बुडतं. मग मळमळ सुरू होते, मळमळतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी चरबी. त्या बोटाने हवेत एक वर्तुळ काढत राहिल्या. यावर औषध म्हणजे अन्न, दुसरं काही नाही. सलाईन, मळमळ थांबवायचं इंजेक्शन, जीवनसत्त्वं, सगळं देऊ, पण पोटात अन्न गेलं पाहिजे, आणि ते आता स्वतःहून खाणार नाही. मानेतून अन्ननलिकेत एक नळी घालावी लागेल. त्या नळीतून पातळ केलेलं खाणं पिचकारीने द्यायचं, दिवसातून पाच-सहा वेळा, कित्येक आठवडे. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं. "मी," तो म्हणाला, आणि त्या वाट बघत राहिल्या म्हणून पुढे म्हणाला, "बायको आहे." यात खोटं काहीच नव्हतं. ती होतीच. फक्त घरी नव्हती.

पिल्लूला तिथेच ठेवून बाहेर आला तर बाकावर एक आजोबा आपल्या लालसर, केसाळ कुत्र्याला मांडीशी दाबून बसले होते. कुत्र्याने लोकरीचे हातमोजे गिळले होते. एक उलटीतून आला, आजोबा म्हणाले, दुसऱ्याची वाट बघतोय. डॉक्टर म्हणतात आतड्यात अडकला असेल तर पोट उघडावं लागेल. ह्याला भूक लागत नाही असा दिवस नाही, आणि तुमच्याकडचं खात नाही म्हणता, देवाने वाटणी नीट केली नाही बघा. त्याने मान हलवली. रिकामी टोपली हातात घेऊन तो रस्त्यावर आला, तेव्हा ती इतकी हलकी होती की दर पावलाला गुडघ्यावर आपटत होती.

घरी आल्यावर त्याला चैन पडेना. स्वयंपाकघरात पिल्लूची ताटली भरलेलीच होती, वर साय धरल्यासारखा सुकलेला थर. हे त्याने रोज पाहिलं होतं. रोज सकाळी तो शिळं खरवडून कचऱ्यात टाकायचा, ताजं वाढायचा, हात धुवायचा. खरवडताना एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही की जेवढं वाढलं तेवढंच आपण टाकतोय. वाढणं हे त्याला सांगितलेलं काम होतं आणि ते त्याने चुकवलं नव्हतं. जाताना बायकोने सगळं सांगितलं होतं. बहिणीच्या पाठीचं ऑपरेशन, महिनाभर तरी कोणीतरी लागेल, झाडांना एक दिवसाआड पाणी, दूधवाल्याला सांगून ठेवलंय. बॅगेची चेन लावता लावता ती हेही म्हणाली होती की पिल्लू कोणी जवळ बसल्याशिवाय खात नाही. ते वाक्य त्याने ऐकलं होतं; आता ते जसंच्या तसं, चेनच्या आवाजासकट आठवलं. पण तेव्हा ते दूधवाल्याच्या आणि झाडांच्या रांगेत आलं आणि त्यांच्याबरोबरच निघून गेलं. इतकी वर्षं संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा हलका, सलग बोलण्याचा आवाज यायचा. तो बाहेरच्या खोलीत बातम्या बघत असायचा आणि ती बहिणीशी फोनवर बोलतेय असं समजायचा. आता ओट्याच्या खाली, भिंतीवर, रंग गेलेला एक पट्टा त्याला दिसला, माणसाची पाठ टेकेल एवढ्या उंचीवर. म्हणजे ती इथे बसायची. म्हणजे ते बोलणं मांजराशी होतं. काय बोलत असेल ती रोज एवढं?

महिना उलटून गेला होता. बहीण आता बाजारात जाऊन येते, जिने चढते, हे त्याला फोनवरून कळलं होतं. बायको तिथल्या एका रोपवाटिकेत सकाळची जाऊ लागली होती. आधी सहज म्हणून, मग रोज. परत कधी येणार असं त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. भांडण झालं असतं तर निदान एक तारीख मिळाली असती. दाव्याच्या कागदावर घटनेची तारीख हा पहिला रकाना असतो. तो कोरा असेल तर पुढे वाचायचंच नाही. इथे तो रकानाच भरता येत नव्हता. फोन मात्र रोज व्हायचा. ती विचारायची, पिल्लू कसंय? मस्त, तो म्हणायचा. खातंय ना? खातंय की. मग ती थोडं हसायची आणि फोन ठेवायची. दोघांमध्ये बोलायला उरलेला विषय तेवढा एकच होता, म्हणून तो मस्तच असणं भाग होतं. आणि त्याच्या आत, त्याने स्वतःशीही न उच्चारलेली एक गोष्ट अशी होती की जोवर मांजर इथे आहे तोवर ती गेलेली नाही. साड्या गेल्या होत्या, चष्मा गेला होता, उशीसुद्धा गेली होती. पण पिल्लूला सोडून ती कुठे जाणार? या एका आधारावर तो दीड महिना शांत झोपला होता. तो आधार आता दवाखान्यात सलाईन लावून पडला होता.

नळी घातलेलं पिल्लू घरी आलं तेव्हा ओळखू येत नव्हतं. मानेचे केस भादरलेले, भोवती पट्टी, पट्टीतून वर आलेलं नळीचं बोटभर टोक. डॉक्टरांनी सगळं करून दाखवलं होतं. खाणं अंगाइतकं कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. पिचकारी एकदम दाबायची नाही, मांजराकडे बघत सावकाश ढकलायची. ओठ चाटायला लागलं, लाळ गळली की थांबायचं. आधी अगदी थोडं, मग रोज वाढवत न्यायचं, कारण उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं तर तेही बाधतं. शेवटी कोमट पाण्याने नळी धुवायची, नाहीतर तुंबते. हे सगळं त्याला समजलं होतं. समजणं आणि हाताने करणं यांतलं अंतर पहिल्याच खेपेला कळलं. त्याला ऑफिस गाठायचं होतं. त्याने घाई केली, आणि पिल्लूने मान लांबवून सगळं त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओकलं. दुसऱ्या खेपेला नळी तुंबली. पिचकारीचा दांडा हलेना. कपाळावर घाम, एका हातात मांजर, दुसऱ्या हातात पाणी. थोडं ढकलायचं, थोडं ओढायचं, पुन्हा ढकलायचं. एकाएकी आतला अडसर सुटला आणि पाणी सुळकन गेलं, तेव्हा त्याच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज आला. तो त्याने लगेच खोकल्यात फिरवला. ऐकायला कोणी नव्हतं तरी.

ऑफिसात त्याने अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सुरुवात केली. जेवढा वेळ तिथे असायचा तेवढा वेळ कान घराकडे. एका दावेदार बाईला फोनवर तो विचारत होता की भिंतीत ओल नेमकी कधी दिसली, आणि ती म्हणाली, "साहेब, ओल दिसते त्या दिवशी ती येत नसते हो, आधीच आलेली असते." त्याने फोन हातात धरून ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काय झालं म्हणून बघितलं. काही नाही, त्याने हातानेच सांगितलं.

आणि पिचकारी धरून फरशीवर बसलं की त्याला नको ते आठवायचं. तो रागवायचा तेव्हा जेवायचा नाही. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्याचा त्याला अभिमानही होता. तो फक्त ताट सरकवायचा. मला भूक नाही. मग ती विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, कुठे काय. ती ताटावर झाकण ठेवायची, थोड्या वेळाने पुन्हा यायची, दोन घास तरी, असं म्हणायची. कधी एक दिवस, कधी दोन. तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उतरत जायचं त्याला तो समजूत म्हणायचा. आपलं म्हणणं तिला पटलं, असं समजून तो पुन्हा जेवायला बसायचा. खरं तर तो उपाशी राहिलाच नव्हता कधी. ऑफिसच्या खाली ऑम्लेट-पाव मिळायचा. न खाणं हे काहीतरी मिळवायचं साधन आहे असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि आता हे मांजर त्याच्या मांडीवर काहीही न मागता न खाता पडलं होतं. त्याच्यावर रुसलेलं नव्हतं. त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. त्याला शिक्षा करावी इतकंही पिल्लूच्या लेखी त्याचं महत्त्व नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला ओकारीहून जास्त लागत होती.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडला. पिवळेपणा उतरला नव्हता, वजन घटलं होतं, अजून अधूनमधून उलटी होत होती. औषध बदलून बघू, त्या म्हणाल्या, पण हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. मग मांजराच्या डोक्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "काका, ह्याच्या जवळचं आणखी कोणी असेल तर बोलवून घ्या. कधीकधी त्याने फरक पडतो. आणि नाही पडला, तर निदान भेट होते." त्यांनी बोलवून घ्या म्हटलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यांना सगळं आधीच कळलेलं आहे. तरी तो म्हणाला, खाली टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, की घरात बदल झालाय. बायको गेली आहे. कधी गेली ते सांगता येईल, पण खरंखुरं कधी गेली ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी टोपलीचं दार उघडून पिल्लूला आत सरकवलं. म्हणाल्या, "त्यांना येता येईल का?"

बाहेर पायरीवर बसून त्याने फोन लावला. मांडीवर टोपली, टोपलीच्या जाळीतून पिल्लूची शेपटी बाहेर आलेली. ती येईल, हे त्याला माहीत होतं. मांजरासाठी येईल. आणि ती आली की त्याला कळेल की आपल्यासाठी आली नसती. आणि बरं झालं तर घेऊनच जाईल. आणि बरं नाही झालं तर. फोन उचलला गेला. पिल्लू कसंय, तिने सवयीने विचारलं.

"बरं नाहीये," तो म्हणाला. "कावीळ आहे. मानेत नळी घातलीय. मी तुला रोज खोटं सांगत होतो."

 फोनवर तिच्या मागे कुठेतरी कुंड्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, कधीपासून खात नाही?

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. खांद्याला एकच लहान पिशवी. तिचा रंग उन्हाने रापला होता, नखांत माती होती, आणि केस आखूड कापले होते. हे फोनवर कळलं नव्हतं. त्याला पाहून ती थबकली, कारण तो बनियनवर होता आणि त्याच्या खांद्यावर तिचाच जुना टॉवेल होता, डागांनी भरलेला. काही न बोलता ती आत गेली आणि ओट्याखाली भिंतीला पाठ टेकून बसली. पिल्लूने मान उचलली. एवढंच, धावत नाही आलं, अंग घासलं नाही. मान उचलली आणि तिच्याकडे बघत राहिलं, आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. नळीकडे तिच्याने बघवेना. मला जमायचं नाही हे, ती म्हणाली. मग त्यानेच सगळं केलं. खाणं कोमट केलं, मनगटावर थेंब टाकला, टोपण काढलं, आधी पाणी, मग सावकाश खाणं. ती त्याच्या हातांकडे बघत होती. या हातांनी चहाचा कप विसळलेला तिने कधी पाहिला नव्हता. त्या वेळी उलटी झाली नाही. नव्या औषधाने असेल किंवा कशानेही असेल. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कान उलटा करून उजेडात धरला आणि नुसतीच मान हलवली, होकारार्थी.

ती आठवडाभर राहिली. बाहेरच्या खोलीत झोपायची. दोघं पिल्लूच्या वेळा सांभाळत, त्यावरच बोलत, आणि मधूनच दुसरं काही निघायचं. एकदा पिचकारी धुताना ती सहज म्हणाली, "तू रुसायचास तेव्हा ऑफिसखाली खाऊन यायचास. मला माहीत होतं."

त्याचा हात थांबला. "कसं?"

"शर्टाला कांद्याचा वास यायचा."

"मग मनधरणी कशाला करायचीस?"

तिने जरा विचार केला, खरं सांगणारी माणसं करतात तसा. "आधी वाईट वाटायचं म्हणून. नंतर सवय म्हणून. आणि शेवटी शेवटी, कोण आधी कंटाळतं ते बघत होते." ती हसली, पण कडवटपणाने नाही. "मीच कंटाळले."

हे त्याच्या गळ्याखाली उतरायला वेळ लागला. त्याला काही तरी बोलायचं होतं, आपलं म्हणणं, आपली बाजू. पण पिल्लू तेवढ्यात उठून डुलत डुलत ताटलीपर्यंत गेलं, त्यात वाढलेलं नुसतं हुंगलं आणि परत आलं, आणि दोघंही इतकी गप्प होऊन बघत राहिली की बोलणं राहूनच गेलं. नंतरच्या दिवशी पिल्लूने ताटलीतलं दोनदा चाटलं. नळी अजून तीन-चार आठवडे राहू द्या, डॉक्टर म्हणाल्या, घाई नको, पण आता हे तरेल.

ती निघाली त्या सकाळी त्याने टोपली धुऊन, आत मऊ कापड घालून दाराशी ठेवली. औषधं, दोन पिचकाऱ्या, सगळं एका डब्यात भरलं. मागितल्यावर देण्यापेक्षा आधीच द्यावं, असं त्याने ठरवलं होतं. ती खोलीतून बाहेर आली, टोपलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "हे कशाला? ह्याला आता प्रवास झेपणार आहे का? आणि मला ती नळी जमत नाही. इथेच राहू दे." तो खुर्चीवर बसला. आनंदच झाला होता तो. दुसरं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही. पिल्लू राहणार. म्हणजे.

तिची पिशवी घेऊन तो बस स्थानकापर्यंत गेला. बस लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली तिला. ती काच सरकवून बाहेर वाकली, तिचा चेहरा इतका मोकळा, इतका तरुण दिसत होता की तो बघतच राहिला, आणि इतक्या दिवसांत न विचारलेलं त्याने त्या गर्दीत, कंडक्टरच्या आरोळ्यांत विचारलं, अगदी साधेपणाने, जसं तो लोकांना विचारत आला होता. तू परत येणार आहेस का?

ती छताकडे बघत नव्हती, अडखळली मात्र. "नाही," ती म्हणाली. मग त्याच्या बाहीवर हात ठेवून म्हणाली, "जीव अडकला होता तो फक्त पिल्लूत. वाटायचं, तू काय बघणार त्याच्याकडे. म्हणून मनातून निघताच येत नव्हतं. पण तू केलंस की सगळं. आता मला काळजी नाही."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. बक्षीस द्यावं तसं. बस हलली, तिचा हात बाहीवरून सुटला, काचेतून एकदा हलला, आणि बस कोपऱ्यावरून वळली. तो तिथेच उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते. आपण पिचकारी नीट धरली नसती तर, असा एक विचार मनात डोकावला आणि तो त्याने तिथल्या तिथे चेपला, त्याची लाज वाटून अंग तापलं. मग समोरच्या घड्याळाकडे नजर गेली. पिल्लूच्या पुढच्या खेपेची वेळ होऊन गेली होती. खाणं अजून कोमट करायचं होतं. तो चालू लागला, मग भरभर चालू लागला, आणि फाटकाबाहेर पडल्यावर चक्क पळत सुटला. चौपन्न वर्षांचा माणूस, ऑफिसच्या बुटांत, हाताने खिसा दाबून धरलेला. बस चुकू नये म्हणून धावणारी माणसं समोरून येत होती. ती स्थानकाकडे धावत होती आणि हा त्यांच्यातून वाट काढत उलटा, धापा टाकत, घराकडे.